तळहाताचा घाम पाठीवर

नमस्कार डॉक्टर मॅडम,

मी २४ वर्षांचा आहे. आयटीआय मशिनिस्ट केलं आणि शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये फायनल इन्स्पेक्शनला लागलो. पगार १८ हजार. शाळेपासून माझ्या दोन्ही तळहातांना घाम सुटतो, अगदी थेंब पडतात. सातवीपासून पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवायचो. आई म्हणते झोपेत हात कोरडे असतात. तळपायही ओले असतात, पण बुटात कोण बघतंय. वडिलांचे हात असेच आहेत. ते शेती करतात, त्यांचं कधी काही अडलं नाही. माझं अडलंय. मी ज्या जॉबला, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागाला, हात लावतो त्यावर दोन-तीन दिवसांत गंजाचे ठसे उमटतात. गेल्या महिन्यात ग्राइंड केलेल्या २०० पिना गिऱ्हाइकाकडून परत आल्या, तेव्हा सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "हे बघ तुझं आधार कार्ड." स्लिप गेजला, म्हणजे माप पडताळायच्या ठोकळ्यांना, तर मला हातच लावू देत नाहीत. आमची पत्र्याची शेड आहे, बाजूला फौंड्री, उन्हाळ्यात सगळेच भिजतात, पण गंज फक्त माझ्या बोटांचा.

पुण्यात एका सर्जनना दाखवलं. काखेतून दुर्बीण घालून नस कापायची, अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी आणि हात कायमचे कोरडे, असं ते म्हणाले. पंचविशीच्या आत केलेलं चांगलं असंही म्हणाले. खर्च १ लाख ४० हजार. पतसंस्थेतून कर्ज मिळतंय. त्याआधी एक लोशन पाच दिवस लावलं होतं, हात भाजल्यासारखे झाले म्हणून सोडलं. वर्षभर होमिओपॅथी घेतली. बाकी तब्येत उत्तम. आधी तालमीत जायचो, आता रोज ८ किलोमीटर पळतो. कंपनीच्या तपासणीत नाडी ५२ आली, डॉक्टरांनी पाठ थोपटली. मार्चमध्ये ऑपरेशन करून घेऊ का? मे महिन्यात मुलगी बघायला जायचं आहे. तिला हे सांगायचं का?

— एक वाचक, जिल्हा कोल्हापूर

*

तू माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा, तेव्हा अहो-जाहो बाजूला ठेवते.

मार्चमध्ये करू नकोस. पुढे कधीच करायची नाही असं मी म्हणत नाही, पण हा मार्च नको. त्यामागचं एक मोठं कारण तू स्वतःच पत्राच्या शेवटी शाबासकी म्हणून लिहून टाकलं आहेस. नाडी ५२. त्यावर येतेच.

आधी तुझ्या वडिलांचे हात. घाम तोच, तळहात तसेच, पण खुरप्याला आणि मातीला त्याचं काही वाटलं नाही. कुदळ उचलण्याआधी तळव्यावर थुंकणारी माणसं तू पाहिली असशील. किंचित ओल्या हातात दांडा घट्ट बसतो. तू मात्र जिथे मायक्रॉन मोजतात तिथे जाऊन बसलास, आणि आरशासारख्या घासलेल्या पोलादाला घामातलं मीठ सोसत नाही. टूलरूमच्या धंद्याला अशी माणसं जुनीच ओळखीची आहेत. इंग्रजीत त्यांना 'रस्टर' म्हणतात, म्हणजे गंजवणारे. तेव्हा तुझ्या दुखण्याचा एक भाग हातात आहे आणि दुसरा तुझ्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर. सर्जन फक्त पहिल्या भागाकडे बघणार, त्याचं कामच ते. टेबलाचं मी शेवटाकडे सांगते.

तुझ्या दुखण्याला प्राथमिक हायपरहायड्रोसिस म्हणतात. शाळेच्या वयात सुरुवात, दोन्ही हातांना सारखा घाम, रोजच्या कामात अडथळा, झोपेत बंद, घरात आणखी कुणाला तरी तसाच. तुझं पत्र वाचताना मी मनातल्या मनात एकेका खुणेवर टिक करत गेले. आईची साक्ष तर फार मोलाची. रात्री अंथरूण भिजत असतं, बारीक ताप असता, वजन उतरत असतं किंवा सगळ्या अंगालाच अचानक घाम सुटू लागला असता, तर मी आधी क्षय, थायरॉइड, साखर यांच्या मागे लागले असते. काही गोळ्यांनीही घाम वाढतो, विशेषतः नैराश्यावरच्या. तुझं तसं दिसत नाही. थायरॉइडची रक्तचाचणी तेवढी एकदा करून टाक, म्हणजे तो किडा डोक्यात राहणार नाही.

तुझ्या घामग्रंथी चांगल्या आहेत. माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख घामग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्यांची सर्वांत दाट वस्ती. तुझ्याही तशाच. जास्त येतोय तो वरून सुटणारा हुकूम. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांनी, बरगड्यांच्या मुळांवरून, मज्जातंतूंची एक साखळी खाली उतरते. तिचं नाव सिम्पथेटिक. घाबरलो, पळालो, परीक्षेला बसलो की हृदय जोरात चालवायचं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायच्या, तळवे ओले करायचे, ही खाती तिच्याकडे. तुझी साखळी तळहाताच्या बाबतीत कारण नसताना हुकूम सोडते. 'टेन्शन घेऊ नको, घाम थांबेल' हा सल्ला तुला आजवर शंभर जणांनी दिला असेल. त्या सगळ्यांना माझ्याकडे पाठव. हात ओला झाला म्हणून टेन्शन येतं, हे ज्याचा हात ओला होतो त्यालाच कळतं.

शस्त्रक्रिया होते ती याच साखळीवर. 'नस' म्हटलं की आपल्याकडे रक्तवाहिनी डोळ्यांसमोर येते, इथे कापतात तो मज्जातंतू. पूर्ण भूल देतात. प्रत्येक काखेत एक-दोन छेद, अर्ध्या सेंटिमीटरचे. त्या बाजूचं फुफ्फुस थोडा वेळ बसवून जागा करतात आणि दुर्बीण आत सरकवतात. छातीच्या आतल्या पातळ पडद्याखाली, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या मुळावरून जाणारी पांढुरकी दोरी मॉनिटरवर दिसते. ती जाळून तोडतात किंवा तिच्यावर क्लिप लावतात. फुफ्फुस पुन्हा फुगवायचं, टाका घालायचा आणि दुसऱ्या बाजूला वळायचं. तळहात तिथेच, टेबलावरच, कोरडा आणि उबदार होतो. काही ठिकाणी तळव्याला तापमान मोजायचं यंत्र लावून ठेवतात आणि आकडा चढला की काम झालं असं समजतात. हात कोरडे होण्याचं प्रमाण शंभरात पंचाण्णवच्या वर आहे. म्हणजे तुझ्या सर्जननी सांगितलेल्यातलं काहीच खोटं नाही. इतका झटपट आणि इतका नजरेत भरणारा निकाल थोड्याच शस्त्रक्रिया देतात, म्हणून ही विकायलाही सोपी जाते.

पण घाम जातो कुठे? हे तुला सांगितलं का? पत्रात एक ओळही नाही, म्हणून सांगितलं नाही किंवा तू ऐकलं नाहीस असं मी धरते.

तो पाठीवर जातो. छातीखाली, पोटावर, कमरेला, मांड्यांना, जांघेत. याला भरपाईचा घाम म्हणतात. नाव थोडं फसवं आहे, कारण भरपाई म्हटल्यावर वाटतं की तळहाताचा वाटीभर घाम पाठीवर वाटीभरच येईल. तसं गणित नाही. तळहाताचा घाम पुसायला रुमाल पुरतो. पाठीचा आला तर काहींना दुपारपर्यंत शर्ट पिळावा लागतो. किती जणांना येतो म्हणशील, तर निरनिराळ्या अभ्यासांत ३ टक्क्यांपासून ९८ टक्क्यांपर्यंत आकडे आहेत. एवढी तफावत पडते कारण कुणी 'थोडा वाढला' असं म्हणणारेही मोजले, कुणी कपडे बदलावे लागणारेच मोजले. मी जे पाहिलंय त्यावरून सांगते, निम्म्याहून अधिक लोकांना तो कमी-जास्त येतोच. बहुतेक जण निभावून नेतात. काही थोड्यांना मात्र असा येतो की जुने ओले हात परत हवेसे वाटतात. या थोड्यांत आपण असणार का, हे आधी सांगणारी खात्रीची चाचणी नाही. उकाडा, दमट हवा, अंगमेहनत असली की तो वाढतो एवढं मात्र नक्की.

दोन माणसं सांगते. एक मुलगी मेंदी काढायची. कोन हातातून निसटायचा, नवरीच्या हातावर थेंब पडून नक्षी पसरायची. लोशन, यंत्र, गोळ्या, सगळं तिने नेटाने वर्ष-दीड वर्ष करून पाहिलं आणि मग शस्त्रक्रिया केली. आता मे महिन्यात तिची पाठ भिजते. तिला विचारलं तर म्हणते, "पाठ काय, पदराखाली असते." ती सुखी आहे आणि मला तिच्या निर्णयात खोट दिसत नाही.

दुसरे गृहस्थ मुंबईत बँकेच्या काउंटरवर. त्यांचे हात इतके कोरडे झाले की हिवाळ्यात भेगा पडतात, नोटा मोजायला स्पंजची डबी लागते. पण रोजच्या लोकलच्या प्रवासात पोट आणि पाठ अशी भिजते की बॅगेत दोन जादा शर्ट असतात. खुर्चीवरून उठताना मागे वळून बघायची त्यांना सवय लागली आहे. मला म्हणाले, "पूर्वी खिशात हात घातला की लपायचं. आता कुठे लपू?" सर्जनच्या वहीत त्यांची शस्त्रक्रिया यशस्वी म्हणूनच नोंदलेली असणार, कारण हात कोरडे झाले.

आता तू यांच्यापैकी कुणाच्या जवळ बसतोस ते बघ. पत्र्याची शेड, शेजारी फौंड्री, आठ तास उभं राहून काम. जांघ ओली राहिली की गजकर्ण. ते आधीच घरोघरी झालंय आणि मेडिकलमधून आणलेल्या मिश्र मलमांनी चिवटही झालंय. तुझ्या शेडमध्ये पाठीचा घाम हा पदराखालचा मामला राहणार नाही.

आणि नाडी. जी साखळी तळहाताला हुकूम देते, तिच्याच वरच्या भागातून हृदयालाही तंतू जातात. ती तोडली की विश्रांतीतली नाडी थोडी उतरते आणि पळताना जितकी चढायला हवी तितकी चढत नाही. बहुतेकांना हे जाणवतही नाही. पण २०११ मध्ये अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्स या छातीच्या सर्जनांच्या संघटनेने ही शस्त्रक्रिया कुणाला मानवते याचा एक सहमतीचा मसुदा छापला. त्यातला योग्य रुग्ण असा: घामाची सुरुवात साधारण १६ च्या आधी, शस्त्रक्रियेच्या वेळी वय साधारण २५ च्या आत, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २८ च्या खाली, झोपेत घाम नाही, प्रकृती बरी आणि विश्रांतीतली नाडी ५५ च्या खाली नाही.

तुझी ५२ आहे. तालमीने आणि धावण्याने कमावलेली नाडी ती, आजाराची नव्हे. कंपनीच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली ते बरोबरच. पण आधीच सावकाश चालणाऱ्या हृदयाचा अ‍ॅक्सिलरेटर सैल करायला जायचं, तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. नाडी फारच उतरून पेसमेकर बसवावा लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. क्वचित, अगदी क्वचित, पण आहेत. तुझ्या सर्जननी त्या यादीतली पंचविशी तुला सांगितली आणि पंचावन्न गाळलं. कदाचित तू नाडी सांगितलीच नसशील, आणि त्यांनी तपासणीच्या दिवशी बघितली असती. तो संशयाचा फायदा मी त्यांना देते.

पंचविशीचं म्हणशील तर ती काही फॉर्म भरायची शेवटची तारीख नाही. तरुणांत निकाल बरे आले, एवढाच तिचा अर्थ. दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आहे: तैवानमध्ये ही शस्त्रक्रिया प्रचंड प्रमाणात झाली आणि तिथल्याच आरोग्य खात्याने २००४ मध्ये २० वर्षांखालच्यांवर ती करायला मनाई केली. घाई करणारा सर्जन आणि घाई करणारा जमीन-एजंट, दोघांपुढेही मी एक रात्र झोपून मगच सही करते.

कुणी म्हणेल, क्लिप लावू, नको वाटली तर काढू. क्लिप लवकर काढली तर काहींना फरक पडतो, पण दाबलेला तंतू पूर्ववत होईलच याची हमी नाही. तेव्हा क्लिप असो की कापणं, कायमचं समजूनच जायचं. बाकीचे धोके पटकन: छातीत हवा राहणं, रक्तस्राव, छातीत-पाठीत काही आठवडे दुखणं, जेवताना चेहऱ्याला घाम येणं. साखळीच्या वरच्या टोकाला इजा झाली तर एका डोळ्याची पापणी झुकते आणि बाहुली लहान राहते, याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. सराईत हातांत तो शंभरात एकापेक्षा कमी वेळा होतो. तळपायांचा घाम या शस्त्रक्रियेने जाईल असं धरू नकोस, काहींचा कमी होतो, काहींचा नाही.

आता तू ज्या पायऱ्या चढलाच नाहीस त्या. पाच दिवस लोशन आणि वर्षभर साबुदाण्याच्या गोळ्या, याला उपचार करून थकलो म्हणत नाहीत. (होमिओपॅथीवाल्यांनी मला पत्रं लिहू नयेत, मागच्या वेळची अजून उत्तरायची आहेत.)

ते लोशन बहुधा अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं असणार. आई तुरटी लाव म्हणाली असेल, ती त्याचीच दूरची चुलतबहीण. पण तू ते अंघोळीनंतर, ओल्या हाताला, सकाळी लावलंस ना? तिथेच भाजलं. पाण्याशी गाठ पडली की त्यातून आम्ल तयार होतं. ते रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या तळव्यावर लावायचं, हवं तर पंख्याखाली पाच मिनिटं हात धरून मग. झोपेत तुझा घाम बंद असतो, त्या वेळात औषध घामाच्या तोंडाशी बूच बसवतं. सकाळी धुऊन टाकायचं. तळहाताची कातडी जाड असते, म्हणून काखेइतका गुण तिथे येत नाही, पण आठवडा-दोन आठवडे नीट लावल्याशिवाय त्याला नापास करू नकोस. चुरचुरलं तर एक रात्र सोड.

माझी खरी भिस्त पुढच्या पायरीवर आहे. आयन्टोफोरेसिस. दोन उथळ ट्रे, त्यांत पाणी, प्रत्येक ट्रेमध्ये एक धातूची पट्टी, त्यातून बारीक विजेचा प्रवाह, १५ ते २० मिलिअँपिअर. दोन्ही हात दोन ट्रेमध्ये बुडवून २० ते ३० मिनिटं बसायचं, मध्यावर प्रवाहाची दिशा बदलायची. मुंग्या येतात, बाकी काही नाही. सुरुवातीला आठवड्यातून तीन-चार वेळा. दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचे हात कोरडे पडायला लागतात, मग आठवड्यातून एकदा चालू ठेवलं की पुरतं. नेमकं कशामुळे, यावर पंडितांचं अजून एकमत नाही, पण १९६० च्या दशकापासून लोक हे घरी करत आलेत. पेसमेकर असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि हातात किंवा छातीत धातूची पट्टी-स्क्रू बसवलेल्यांनी करायचं नाही. अंगठी-घड्याळ काढायचं, कापलं-खरचटलं असेल तिथे व्हॅसलिन लावायचं.

दोन गोष्टी मात्र तुझ्यासाठी मुद्दाम. एक, पाणी आरओचं घेऊ नकोस. हल्ली घरात शुद्ध पाणी म्हणजे आरओ, आणि माणसं मोठ्या प्रेमाने तेच ट्रेमध्ये ओततात. त्यातले क्षार निघून गेलेले असतात, मग प्रवाह नीट वाहत नाही आणि दोष यंत्राला. नळाचं घे. बोअरचं जड पाणी असेल तर आणखी चांगलं; स्वयंपाकघरात ज्याला नावं ठेवतात ते इथे कामाला येतं. दोन, तू आयटीआयवाला. ट्रे, पट्ट्या, एखादा जुना चार्जर, हे तर मी रविवारी दुपारी जुळवतो, असं तुझ्या डोक्यात हे वाचतानाच आलं असणार. नको. दोन्ही हात पाण्यात, म्हणजे प्रवाह छातीतून आरपार जाणार. प्रवाहावर मर्यादा घालणारं, हात उचलला तर झटका न देणारं वैद्यकीय यंत्रच वापर. तुझ्या कर्जाच्या रकमेपुढे त्याची किंमत फार थोडी आहे.

१८ हजार पगार म्हणजे तू ईएसआय या कामगार विमा योजनेत बसतोस, मर्यादा २१ हजारांची आहे. कार्ड काढलं नसेल तर कंपनीला विचार, तो तुझा हक्क आहे. तिथून त्वचारोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी घे, नाहीतर सरळ कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात जा. काही विभागांत हे यंत्र असतं, पहिले आठ-दहा वेळा तिथे करून पाहा, गुण आला तरच विकत घे.

गोळ्या आहेत, ग्लायकोपायरोलेट आणि ऑक्सिब्युटिनिन. दुसरी मुळात लघवीच्या तक्रारींची. घाम कमी करतात, पण सगळ्या अंगाचा, आणि तोंड कोरडं, पोट जड, नजर अंधुक अशी वरकमाईही देतात. व्हर्निअरवरची रेघ वाचणाऱ्याला अंधुक नजर परवडत नाही. फौंड्रीच्या शेजारी एप्रिलमध्ये अंगाला घामच आला नाही तर ऊन बाधायची भीती वेगळी. तुझ्यासाठी रोजच्या गोळ्या मला पसंत नाहीत. लग्नाच्या दिवशी किंवा मुलाखतीला डॉक्टरांना विचारून घेतली तर गोष्ट निराळी. बोटॉक्स तळहातात देतात, प्रत्येक हाताला चाळीस-पन्नास टोचण्या, बधिर केल्याशिवाय सहन न होणाऱ्या. गुण चार-सहा महिने टिकतो आणि काही आठवडे चिमटीतला जोर कमी होतो. मायक्रोमीटर फिरवणाऱ्याने चिमूट सैल करून घ्यायची, हे मला तरी पटत नाही.

आणि आता टेबल. सुपरवायझरचा विनोद चांगला होता, पण फायनल इन्स्पेक्शनमधून बाहेर पडणारी ग्राइंड केलेली पिन उघड्या हाताने हाताळायचीच नसते, मग हात कोणाचाही असो. पातळ सुती हातमोजा आत, त्यावर नायट्राइलचा, आणि दर तासाला आतला बदलायचा. डझनभर सुती जोड घरी धुऊन आणता येतात. मोजून झालेला जॉब लगेच पुसून रस्ट प्रिव्हेंटिव्ह, म्हणजे गंज रोखणाऱ्या, तेलात बुडवायचा, मगच ट्रेमध्ये. स्लिप गेज तर कोणीच बोटांनी धरायचे नसतात, शामॉय चामड्याने उचलायचे आणि काम झालं की पेट्रोलियम जेली लावून डबीत ठेवायचे. सिरॅमिकचे स्लिप गेज गंजतच नाहीत. मालकाच्या कानावर घालून ठेव, पुढच्या खरेदीला आठवेल. त्या २०० पिना तेल न लावता पॅक झाल्या असतील तर पॅकिंगवाल्याच्या नावाचंही एक आधार कार्ड निघायला हवं. मी इंटर्न असताना लॅटेक्सच्या मोज्यातून माझाच घाम मनगटावर ओघळायचा आणि सिस्टर मला दोन जोड जास्त द्यायची, न बोलता. अशी एखादी सिस्टर तुझ्या शॉपमध्ये नसेल तर तू स्वतः तोंड उघड आणि मोजे माग.

एक वही कर. रोज रात्री एकच आकडा. घाम जाणवलाच नाही आणि काही अडलं नाही तर १, जाणवला पण चालून गेलं तर २, जेमतेम सोसला आणि काम वारंवार अडलं तर ३, असह्य झाला तर ४. हे चार आकडे आम्ही डॉक्टरही वापरतो. यंत्र सुरू करायच्या आधीचा एक आठवडा लिहून ठेव, नाहीतर नंतर आठवणीवर विसंबशील.

सहा महिने हे सगळं मन लावून करूनही वहीत ३ आणि ४ च दिसत असतील, तर सर्जनकडे जायला माझी हरकत नाही. ईसीजी आणि हृदयाच्या डॉक्टरांचं लेखी मत आधी घे. मग सर्जनना विचार की साखळी कोणत्या बरगडीवर तोडणार. तिसऱ्या बरगडीवर तोडली तर हात जास्त कोरडे होतात. चौथ्या बरगडीवर तोडली तर हातात थोडा ओलावा राहतो, पण पाठीचा घाम कमी येण्याची शक्यता असते. दुसऱ्या बरगडीपर्यंत वर जातो म्हणाले तर दुसरं मत घे. आणि त्यांच्या हातच्या अशा दोन रुग्णांशी बोलायला माग, ज्यांनी शस्त्रक्रियेनंतर दोन उन्हाळे काढलेत. महिन्याभरापूर्वी झालेला रुग्ण आनंदातच असणार, त्याला विचारून उपयोग नाही.

मुलीला सांगायचं का, हे तू शेवटी विचारलंस, पण मला वाटतं मार्चची घाई मुळात तिथूनच आली आहे. सांग. पोह्यांच्या बशीसमोर सगळ्या पाहुण्यांत नको, ते हात दाखवून अवलक्षण होईल. दोघांना बोलायला गच्चीवर पाठवतात ना, तेव्हा सांग. हात पुढे कर, ओला असेल तर ओलाच दाखव. हा संसर्ग नाही, हे सांग. बाबांनाही आहे आणि मुलांना येऊ शकतो, तेही सांग. लपवलं आणि तिने तो हात लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर पहिल्यांदा धरला, तर तिला राग घामाचा येणार नाही. ती विचारेल, मग इलाज काय? मार्चमध्ये यंत्र सुरू केलंस तर मे महिन्यापर्यंत वहीची साठएक पानं भरलेली असतील. ती वही खिशात ठेवून जा.